दोघांपैकी एकाचा हिशेब

ईव्ह ऑनलाइन या खेळात एकट्याने लढायला शिकायचं ठरवलं, की सुरुवातीला जी गोष्ट सर्वांत कमी वाट्याला येते ती म्हणजे लढाई. हातात जहाज असतं, तोफा भरलेल्या असतात, पुढे अंतराळ पसरलेलं असतं. त्या अंतराळात माणसंही असतात, कारण पडद्याच्या कडेला त्यांची नावं दिसतात. पण ती लढत नाहीत. मोठं जहाज दिसलं की आपण पळतो. लहान दिसलं की ते पळतं. बरोबरीचं दिसलं तर दोघंही थांबून विचारात पडतात, की एवढं बरोबरीचं जहाज असं उघड्यावर बसलंय त्या अर्थी याचे चार दोस्त मागे कुठेतरी दबा धरून असणार. मग दोघंही पळतात. रात्रीचे दोन वाजतात, आणि आपण एकही गोळी न झाडता घामाघूम होऊन झोपायला जातो.

हा खेळ आइसलंडचा. चार लाखांच्या आतबाहेर लोकवस्तीच्या त्या देशात, रेक्याविक शहरात, सीसीपी नावाची कंपनी 1997 मध्ये निघाली. पैसे उभे करायला तिने आधी पटावरचा एक खेळ काढून विकला आणि 6 मे 2003 ला हे अंतराळ उघडलं. न्यू ईडन असं त्याचं नाव. 7,000 हून जास्त सूर्यमंडळं, आणि जगभरचे बहुतेक सगळे खेळाडू त्या एकाच विश्वात, लंडनमधल्या एकाच सर्व्हरवर. या सर्व्हरचं नाव ट्रँक्विलिटी, म्हणजे शांतता, ठेवणाऱ्या माणसाची विनोदबुद्धी चांगली असावी. कारण इथे जहाज फुटलं की फुटलं. ते पुन्हा उगवत नाही. ते कुणीतरी खाणीतून खनिज काढून, कारखान्यात बनवून, बाजारात आणून विकलेलं असतं, आणि आपल्याला तसंच दुसरं विकत घ्यावं लागतं. विमा उतरवता येतो. जहाज फुटल्यावर विम्याचे पैसे एकही कागद न मागता तत्काळ जमा होतात. अख्ख्या खेळातला सर्वांत अवास्तव भाग मला हाच वाटतो.

ईव्हचं नाव बाहेर झालं ते मात्र मोठ्या युद्धांमुळे. जानेवारी 2014 मध्ये एका मंडळात हजारो खेळाडू सुमारे 21 तास भिडले होते, टायटन नावाची सर्वांत मोठी 75 जहाजं फुटली, आणि खऱ्या पैशांत हिशेब मांडणाऱ्यांनी नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात नेलं. वर्तमानपत्रांत आलं, आपल्याकडेही आलं. पण अशा युद्धातल्या सैनिकाला काय करावं लागतं, तर सेनापती नाव पुकारेल त्या जहाजावर कर्सर न्यायचा आणि एफ-वन दाबायचं. शिवाय इतकी गर्दी झाली की सर्व्हर काळाचा वेग दहा टक्क्यांवर आणतो, म्हणजे एफ-वन दाबून चहा करून आलं तरी गोळी अजून निघतेच आहे. मला सरकारी पद्धतीच्या कामाचा पुरेसा अनुभव असल्याने मी एकट्याच्या लढाईकडे वळलो.

वळवणारा माझा भाचा. तो इंजिनिअरिंगच्या वर्षांपासून खेळतोय. त्याने पहिल्याच दिवशी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. या खेळात आपलं पात्र कौशल्यं शिकतं ती सरावाने शिकत नाही, घड्याळाने शिकतं. तोफखान्याचं पुढचं शिक्षण रांगेत लावायचं आणि संगणक बंद करून नोकरीवर जायचं. आपण लोकलला लटकलेलो असताना तिकडे ते शिकत असतं. वरच्या पायऱ्यांना काही आठवडे लागतात, पण शिकतं नक्की. आपलं पात्र आपल्यापेक्षा हुशार होत चाललंय हे उघड दिसत असताना त्याच्या जहाजाचं सुकाणू मात्र आपल्या हातात राहतं. त्या बिचाऱ्याला पदव्या मिळाल्या, ड्रायव्हर तोच राहिला.

भाच्याने मला रिफ्टर दिलं. मिनमटार जमातीचं हे फ्रिगेट, म्हणजे लहान लढाऊ जहाज, दिसायला असं, की जणू बंदरात मोडीत काढलेल्या बोटींचे पत्रे गोळा करून कुणी वेल्डिंग केलंय. खेळातल्या इतिहासात ही जमात गुलामगिरीतून बंड करून सुटलेली, त्यामुळे दिखाव्याला तिच्याकडे वेळ नाही. पण या जहाजाच्या ऑटोकॅननला वीज लागत नाही, त्यामुळे शत्रूने आपली बॅटरी शोषून घेतली तरी तोफा चालू राहतात. दारूगोळाही पाहिजे तसा बदलता येतो. मधल्या खणांत तीन वस्तू बसतात, आणि त्या तीन कुठल्या यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातले आहेत. माझ्या रिफ्टरमध्ये होत्या त्या अशा. एक वेग वाढवणारा आफ्टरबर्नर. दुसरा स्क्रॅम. तो नऊ किलोमीटरच्या आत शत्रूवर लागला की त्याला वार्प करून, म्हणजे लांबची झेप घेऊन, निसटता येत नाही, आणि त्याच्याकडे मायक्रोवार्पड्राइव्ह हे जास्त दांडगं इंजिन असेल तर तेही बंद पडतं. तिसरा वेब. तो दहा किलोमीटरच्या आत शत्रूचा वेग निम्म्याहून खाली आणतो.

"मामा, ऑर्बिटचं बटण विसरून जा," भाचा म्हणाला. "ते लावलंस की पुढचा माणूस तू कुठे जाणार ते सांगू शकतो."

ऑर्बिटचं बटण फार सोयीचं असतं. अंतर सांगायचं, जहाज आपोआप शत्रूभोवती प्रदक्षिणा घालतं. त्याऐवजी मोकळ्या अवकाशात दोनदा क्लिक करून जहाज हाताने वळवायचं असतं, कारण सगळं कोनात आहे. शत्रूची तोफ किती जोरदार आहे याच्याइतकंच ती किती पटकन फिरते हे महत्त्वाचं. आपण त्याच्या नजरेला आडवे आणि जवळून पळालो तर तोफ मागे राहते. म्हणूनच राक्षसी बॅटलशिपच्या अंगाला लगटून फिरणाऱ्या फ्रिगेटला त्या मोठ्या तोफांचा गोळा लागत नाही. सरळ त्याच्याकडे धावत गेलो तर मात्र तोफेला फिरावंच लागत नाही. नवा माणूस घाबरला की सरळ धावतो, शत्रूकडे तरी किंवा शत्रूपासून लांब तरी, आणि दोन्हीकडे सारखाच मार खातो.

या अंतराळाचं पदार्थविज्ञान हा एक निराळा विषय आहे. इथे इंजिन बंद केलं की जहाज थांबतं. न्यूटनने जे काही सांगितलं ते न्यू ईडनपर्यंत पोचलेलं नाही. खरं व्हॉयेजर-1 यान 1977 मध्ये सुटलं, आणि इंजिनाच्या धक्क्याशिवाय आजही सेकंदाला सुमारे 17 किलोमीटरने चाललंय. आमचं रिफ्टर आफ्टरबर्नर पेटवून सेकंदाला जेमतेम किलोमीटरभर जातं आणि बटण सोडलं की पाणबुडीगत सुस्तावतं. पण तक्रार नाही. खऱ्या नियमांनी दोन जहाजं एकमेकांना एकदाच ओलांडून गेली असती आणि मग पुन्हा भेटायला काही वर्षं लागली असती. तशा लढाईत शेवटपर्यंत टिकण्याची मला जास्त संधी होती, एवढंच म्हणतो.

लढाईपूर्वीची टेहळणी हा या विद्येचा खरा अभ्यासक्रम आहे. डी-स्कॅन नावाचं एक यंत्र असतं. ते 14.3 खगोलीय एककांपर्यंत, म्हणजे दोनशे कोटी किलोमीटरहून लांबवर, कुठलं जहाज आहे ते दाखवतं. त्याचा झोत पूर्ण वर्तुळापासून पाच अंशांपर्यंत अरुंद करता येतो. अरुंद झोत एकेका ठिकाणाकडे रोखत गेलं की कोण कुठे बसलंय ते कळतं. हे आपोआप होत नाही, दर दोन-तीन सेकंदांनी कळ दाबायची असते. जुने खेळाडू बोलता बोलता, जेवता जेवता ती दाबत असतात. तेवढ्यात मंडळातल्या यादीत नाव दिसतं, नावावरून त्या माणसाचा पूर्वेतिहास काढता येतो. त्याने आजवर कुणाला मारलं, कुठल्या जहाजातून मारलं, एकट्याने मारलं की सोबत पाच जण होते, स्वतः कधी आणि काय लावलेलं असताना मेला, याची सार्वजनिक नोंद असते. इकडे आपण त्याची चौकशी करत असताना तिकडे तोही आपली करतच असतो. हा सगळा प्रकार कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखा आहे. दोन्ही बाजूंनी आधीच परस्पर माहिती काढलेली असते, दोघंही सहज आलोय असं दाखवतात, उत्सुकता दिसू देत नाहीत, आणि मागच्या खोलीत किती माणसं बसली आहेत ते दोघांनाही जाणून घ्यायचं असतं.

आता यातलं गणित बघा. आपण जिंकणार असं वाटल्याशिवाय दोघांतला कुणीच थांबत नाही. दोघांकडेही माहिती भरपूर आहे. ती पुरेशी खरी असती, तर हरणारा वेळीच निघून गेला असता आणि लढाई झालीच नसती. म्हणजे दोन एकटे खेळाडू एकमेकांना भिडले, की समजावं दोघांपैकी एकाचा हिशेब चुकलेला आहे. कुणाचा, ते मिनिटाभरात कळतं. जसजसे खेळाडू तरबेज होतात तसतसे त्यांचे हिशेब कमी चुकतात, आणि म्हणून त्यांच्यात लढाया होईनाशा होतात. खूप मुरलेले दोन सोलो खेळाडू एकाच मंडळात तासभर नुसते डी-स्कॅन दाबत बसलेले मी पाहिले आहेत. शेवटी एक जण चॅटमध्ये शुभरात्री म्हणून गेला. ही सगळी व्यवस्था खरं तर आमच्यासारख्या कच्च्या लोकांवर चालली आहे. आम्ही जिंकणार असं चुकून धरून आत शिरतो, तेव्हा कुठे त्यांच्या तोफांना काम मिळतं. याबद्दल कुणी आमचे आभार मानत नाही.

आत शिरतो म्हणजे कुठे, तर लो-सिक्युरिटीच्या मंडळांमध्ये. हाय-सिक्युरिटीत काँकॉर्डचे पोलीस असतात. ते कुणाला वाचवत नाहीत, मारणाऱ्याला मागून ठार करतात एवढंच. त्याच्या पलीकडे, अमामाके, तामा अशा बदनाम नावांच्या भागात, साम्राज्यांच्या आपसातल्या युद्धासाठी ठरवून दिलेली ठाणी असतात. ठाण्याला एक दार असतं आणि ते ठरावीक आकारापर्यंतच्या जहाजांनाच आत घेतं. सर्वांत लहान ठाण्यात साधी फ्रिगेट्सच जाऊ शकतात. एकट्याने शिकायला ही जागा उत्तम. कारण बाहेर कितीही मोठं कुणी असलं तरी दारातून ते मावत नाही. शिवाय येणारा नेहमी एकाच जागी उतरतो, म्हणजे आत आधी बसलेल्याला तिथून किती लांब बसायचं ते निवडता येतं. अंतर ज्याच्या हातात, त्याच्या हातात निम्मी लढाई.

वेळेचा प्रश्न उरतो. खेळाचं घड्याळ आइसलंडचं, आणि आइसलंड बाराही महिने ग्रिनिच वेळ पाळतं. सर्व्हर रोज झाडलोट करायला तिथल्या अकराला बंद होतो, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला. अख्ख्या विश्वाची सुट्टी बरोबर आपल्या चहाच्या वेळेवर पडते, ही एकच गोष्ट आपल्या सोयीची. बाकी युरोपातले लोक जेवून निवांत खेळायला बसतात तेव्हा इकडे मध्यरात्र उलटत असते. त्यामुळे इथला सोलो खेळाडू आणखीनच सोलो असतो. घर झोपलेलं, पंख्याचा आवाज, आणि अंगात थरथर.

ही थरथर खरी असते, शब्दशः. समोरच्यावर कुलूप लागलं, पहिला गोळा सुटला, की हात कापायला लागतात, कानशिलं तापतात, माऊस घसरतो. एवढा गडबडणारा मी एकटाच असेन असं वाटलं होतं, पण जुन्याजाणत्यांनाही हे होतं आणि ते याबद्दल जिव्हाळ्याने बोलतात. पन्नाशीच्या माणसाचं हृदय चित्रातल्या पत्र्याच्या जहाजासाठी धडधडावं याचं मला नवल वाटायचं. ते जहाज बाजारात वडापावच्या मोलाचंही नाही. पण ते गेलं की जातं, आणि ते घेणारा त्या क्षणी कुठेतरी लिथुआनियात किंवा ब्राझीलमध्ये तितकाच थरथरत असतो. संगणकाने चालवलेल्या शत्रूंना मी खुशाल शेकड्यांनी मारलं आहे आणि मारताना केळं खाल्लं आहे.

एका रात्रीची लढाई सांगतो. मी ठाण्यात उतरण्याच्या जागेपासून सात-आठ किलोमीटरवर रिफ्टर लावून बसलो होतो. डी-स्कॅनवर इन्कर्सस दिसलं. गॅलेन्टी जमातीचं हे फ्रिगेट ब्लास्टर चालवतं. ब्लास्टर म्हणजे जवळ आला तर चिंधड्या, लांब राहिला तर नुसता उजेड. माझा हिशेब झाला. तो उतरेल, मी स्क्रॅम लावीन, वेब लावीन, आणि सात किलोमीटर राखून ऑटोकॅननने त्याला कुरतडत राहीन. इन्कर्सस दाराशी आलं, जरा घुटमळलं, आत आलं.

सगळं ठरल्यासारखं झालं. स्क्रॅम लागला. वेब लागला. तो माझ्याकडे सरकू पाहत होता आणि मी हाताने, ऑर्बिट न लावता, त्याला लांब ठेवत होतो. भाच्याने पाहायला हवं होतं. इन्कर्ससची ढाल गेली, चिलखत खाली खाली आलं, आणि पाव राहिलं असताना एका झटक्यात वर गेलं. पुन्हा खाली आणलं, पुन्हा वर. त्याने दोन दुरुस्तीयंत्रं लावली होती. एकात नॅनाइटचा लेप भरलेला असतो, तो आठ वेळा जोरात काम करतो आणि मग त्याला भरायला मिनिटभर लागतं. मी मोजू लागलो. सहा, सात, आठ. आता संपला, म्हटलं. पण दुसरं यंत्र चालूच राहिलं. त्याला लागणारी वीज एव्हाना संपायला हवी होती, ती संपेना. मग लक्षात आलं, की याने मला वेब मारलेलाच नाही. मारणार कसा, त्याच्याकडे तो नव्हताच. वेबच्या खणात त्याने बॅटरी भरायचं यंत्र बसवलं होतं. लढाईत तो मला पकडायला आलेलाच नव्हता, मी कंटाळेपर्यंत जिवंत राहायला आला होता. मधल्या वेळात त्याचा एकुलता एक ड्रोन माझ्याभोवती फिरत मला चावत होता, मच्छरासारखा नाही, हिशेबनिसासारखा, दर फेरीला थोडं थोडं वजा करत.

मला निघून जाता येत होतं. त्याच्यावर वेब होता, माझ्यावर नव्हता. आणखी दीड-दोन किलोमीटर मागे सरलो असतो तर त्याच्या स्क्रॅममधून सुटलो असतो. पण त्याचं चिलखत पुन्हा पावावर होतं. जवळ गेलं की ऑटोकॅननचा मारा जवळजवळ दुप्पट होतो, आणि फक्त दुप्पटच पाहिजे होता. मी जहाज वळवलं. तीन किलोमीटरवर पोचेपर्यंत त्याचं चिलखत संपलं, सांगाडा जळायला लागला. मग ब्लास्टर बोलले. पुढचं मी जहाज फुटल्यावर उरणाऱ्या अंड्याच्या आकाराच्या माझ्या कॅप्सूलमधून पाहिलं, आणि फार वेळ पाहत बसलो नाही, कारण कॅप्सूलही फुटते.

स्टेशनात पोचलो तोवर त्याने चॅटमध्ये छान लढलास म्हणून लिहिलं होतं. हा इथला रिवाज आहे, आणि तो जवळजवळ सगळे पाळतात. मीही लिहिलं. मग विचारलं, तू आत का आलास? तो म्हणाला, रिफ्टर दिसलं, तुझ्याकडे मायक्रोवार्पड्राइव्ह असेल असं धरून चाललो होतो. तू लांब पळायला बघशील, मी स्क्रॅम लावून ते बंद पाडीन आणि आरामात तुला गाठीन. आफ्टरबर्नर निघाला तेव्हा डोक्यावर हात मारला. तीन मिनिटं मला तुझ्या जवळ येता येत नव्हतं, सगळा दारूगोळा वाया. तू लांबच राहिला असतास तर माझ्या बॅटरीच्या गोळ्या दोनच उरल्या होत्या.

म्हणजे माझं गणितही पूर्ण बरोबर नव्हतं. एकाचा हिशेब चुकतो असं मी धरून चाललो होतो. इथे दोघांचा चुकला होता, माझा थोडा उशिरा चुकला इतकंच. मी हे त्याला लिहिलं. त्याने हसण्याची खूण पाठवली आणि विचारलं, किती दिवस झाले खेळतोयस? मी गोलमोल उत्तर दिलं. मग बराच वेळ त्याने मला सांगितलं, की चिलखतावर कुठला दारूगोळा घालावा, स्क्रॅम कधी तापवावा, आणि यंत्र जळण्याआधी कधी थांबवावं. ज्याचं जहाज फोडलं त्याचीच नंतर शिकवणी घ्यायची, ही पद्धत मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन. फुटलेल्या जहाजाची नोंद सार्वजनिक असते, आत काय काय लावलं होतं त्याच्या यादीसकट, आणि त्याने ती पाहिली होती.

"मामा, फिटिंग ठीक आहे," तो म्हणाला. "पण माल ठेवायच्या जागेत एक्झॉटिक डान्सर्स कशाला होत्या?"

त्या या खेळात विकत मिळणाऱ्या मालाचा एक प्रकार आहेत. बाजारात स्वस्त दिसल्या, पुढच्या स्टेशनात विकू म्हणून घेतल्या होत्या. हे त्याला पटलं की नाही कळलं नाही. त्याने "मामीला सांगू का?" असं विचारलं आणि मी विषय बदलला.

त्या इन्कर्ससवाल्याने जाताना माझ्या खात्यावर एक रिफ्टर फिटिंगसकट येईल एवढे पैसे पाठवले होते. बाजारात गेलो. रिफ्टर घेतलं, आणि जरा भर घालून एक इन्कर्ससही घेतलं, दोन दुरुस्तीयंत्रांचं.